आधी कळशी, मग खो

बसवलिंगअप्पांनी माझं मनगट धरलं त्या संध्याकाळी माझं सगळं बदललं. वर्गातल्या एका मुलीला लिहिलेली माझी चिठ्ठी वर्गातल्याच दत्तूच्या हाती लागली आणि त्यानं ती सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचली. मी त्याला कानफटात ठेवून दिली. सरांनी माफी मागायला सांगितलं, तर मी कॉलेजच सोडलं. एवढ्यानं राग निवला नाही, म्हणून दत्तू खो-खो खेळायचा त्या लातूरच्या मैदानात शिरलो. दत्तू पळाला, मी मागे. बसलेल्या पोरांच्या रांगेला दोन वेढे झाले आणि धोतर नेसलेल्या, कपाळी विभूती आणि गळ्यात शिट्टी असलेल्या एका गृहस्थांनी मनगट धरून मला अडवलं.

“पळतोस लई बेस. कशापायी?”

“त्याला हाणायला!”

“हाण की. पर कोपऱ्यावरच्या म्हातारीला पाण्याची कळशी न्यायची आज त्याची पाळी हाय. तू त्याला हाणल्यावर कोण नेणार? आधी ती पोचती कर.”

मी कळशी पोचवून आलो. दत्तू तिथेच उभा होता, पण हात काही उचलेना. अप्पांची माझी ओळख झाली ती अशी, आणि त्यांच्या खो-खो मंडळात मी आलो तोही असाच. यंदा त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत.

अप्पांचा धंदा आडतीचा. दुपारपर्यंत ते मोंढ्यात, धान्याच्या बाजारात असतात, मग मैदानावर. मंडळाचा नियम त्यांचाच: ज्यांच्या घरी विहिरीवर जायला धडधाकट माणूस नाही, त्यांच्याकडे आधी पाणी पोचवायचं, नंतर खेळायचं. दुष्काळात विहिरींचे तळ दिसू लागले तसं त्यांनी मैदानावर पाणी शिंपणं बंद केलं. जमीन दगड झाली, आमचे गुडघे सोलून निघाले. कुणी कुरकुरलं की ते म्हणायचे, “गुडघ्याला चार दिसांत खपली धरती. त्या म्हातारीच्या घशाला काय धरंल?”

चिठ्ठीतल्या त्या मुलीची गल्ली मात्र त्यांनी मला पाण्यासाठी कधीच दिली नाही. मी भांडलो. “तिथं तू पाणी द्याय न्हाई, बघाय जाशील,” ते म्हणाले. पुढे तिचं लग्न ठरलं. लग्नघरी पाणी भरायला मंडळ गेलं त्या दिवशी अप्पांनी मला सुट्टी दिली, कारण कुणालाही सांगितलं नाही. संध्याकाळी आडतीत बोलावून आपला डबा माझ्यापुढे सरकवला. “खा. उपाशी माणसाला पळताना वळता येत न्हाई.” तिला मी अजून विसरलेलो नाही. पण जेवतो.

मग लातूरचा वेगळा जिल्हा झाला. फटाके आम्हीही वाजवले. कचेऱ्यांना जागा हव्या झाल्या आणि एका सकाळी बांधकामाचा ठेका घेतलेले एक गुत्तेदार चुना आणि खुंट्या घेऊन मैदानात उतरले.

“अप्पा, आता आपलं गाव जिल्ह्याचं ठिकाण झालंय. पोरखेळ पुरे करा.”

“झालं ते बरंच झालं. मग पोरं काय जुन्या जिल्ह्यात सोडून आलात का?”

अप्पांनी शिट्टी वाजवली. आम्ही आठ जण त्या चुन्याच्या रेघेवरच रांगेत बसलो. खो मिळण्याआधी उठायची माझी खोड जुनी. तिच्यापायी मंडळानं सामने घालवलेत. त्या दिवशीही खुंटी उपटून धावायला मी निम्मा उठलो होतो.

“खो मिळाला का तुला?” अप्पांनी विचारलं.

मी बसलो. तेही खांबाशी येऊन मांडी घालून बसले आणि गुत्तेदारांना म्हणाले, “ह्या पोरांना खो मिळाल्याबिगर उठायची सवय न्हाई.”

दुपारी कोपऱ्यावरची म्हातारी आमच्यासाठी कळशी घेऊन आली. अप्पांनी पहिला तांब्या खुंट्या ठोकणाऱ्या मजुराला द्यायला लावला. उन्हं उतरली तेव्हा खुंट्या परत गाडीत गेल्या होत्या.

अप्पांच्या साठीच्या गौरवासाठी लिहिलेला माझा लेख इथे संपला होता. आज गौरव समितीच्या खोलीत तो वाचून दाखवला. तेच गुत्तेदार आता आपले स्वागताध्यक्ष आहेत. ते म्हणाले, “मैदानाचा भाग काढ बाबा. शुभकार्यात कडू कशाला? आन् त्या जागेवर कचेरी बांधायचं पुन्यांदा ठरल्यात जमा हाय.” बाकीच्यांनी माना खाली घातल्या. म्हणून हे पुढचं मी इथेच उभ्यानं लिहितो आहे. लेखातून मैदान काढलं तर अप्पांच्या साठीत उरतं काय? शाल आणि नारळ! यातली एक ओळ निघणार नाही. काढायची तर अख्खा लेख काढा. आणि जागेचं काहीही ठरलेलं नाही. खुंट्या घेऊन या, आम्ही रांगेत बसलेले असू.

अप्पा, तुमचे गुडघे, तुमचा दम आणि तुमची शिट्टी अजून चाळीस उन्हाळे शाबूत राहोत. तुमची शंभरी याच मैदानावर करू, पाणी शिंपून.

पाच वाजले. आज माझ्याकडे दोन कळशांची पाळी आहे. कागद टेबलावर ठेवतो आहे. स्वागताध्यक्ष म्हणतायत, “बस की रे, चहा येतोय.”

मी निघालो. दार ओढून घेतो.