पाकिटावरचा मावशीचा चेहरा

अन्याय झाला माझ्या मावशीवर. आईची धाकटी बहीण, राहणार चिंचणी, धंदा सुके बोंबील विकण्याचा. आणि तो उघड झाला यंदा होळीच्या आदल्या शनिवारी सकाळी, बोईसरच्या बाजारात. मी तिच्या टोपलीशेजारीच बसले होते.

तिच्या जुन्या गिऱ्हाईक, शाळेतल्या एक बाई, समोर येऊन उभ्या राहिल्या. रोजच्यासारख्या खाली वाकल्या नाहीत.

"मावशी, मोठ्या दुकानाला माल घालता, तर नीट तरी घाला. दाताखाली वाळू आली."

मावशी हसली. "आमी कुठला घालतो, बाई? दारातला वॉचमन टोपली बगूनच हाकलतो."

बाईंनी मोबाइल पुढे केला. त्यात पाकिटाचा फोटो होता. पाकिटावर मावशी, डोक्यावर पदर, मागे वाळत घातलेले बोंबील. खाली छापलेलं: 'चिंचणीच्या किनाऱ्यावरून थेट तुमच्या ताटात'.

तो फोटो दिवाळीनंतर काढलेला. दोन चुणचुणीत पोरं आली होती, किनाऱ्याचे फोटो काढतो म्हणाली. मावशीने त्यांना चहा पाजला, निघताना बोंबील बांधून दिले. कुठे छापणार, हे त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. माल तिचा नव्हताच. चेहरा तेवढा तिचा. पण बाईंना ते पटलं नाही, काही न घेताच त्या निघून गेल्या.

आमच्याकडे बोंबील जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने बांबूवर टांगतात. वारा लागतो, वाळू लागत नाही. आणि विकताना रीत एकच: गिऱ्हाइकाने एक बोंबील उचलायचा, मोडायचा, वास घ्यायचा. नाही पटलं तर टाकून पुढे जायचं. मोडलेला बोंबील मावशीचा. मावशी स्वतःच म्हणते, "मोडून बग, मंग बोल." इतकी वर्षं तिची पत त्या मोडलेल्या तुकड्यांवर उभी आहे.

आम्ही दोघी त्याच दिवशी दुकानात गेलो. मावशीने पाकीट उचललं आणि सवयीने फोडलं. बोंबील मोडला, नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं. गणवेशातला मुलगा धावत आला. "आंटी, सील तोडा तो खरीदना पड़ेगा."

"वास घ्यायच्या आदी खरेदी? तुज्या घरात लग्नाची पोरगी पन अशीच बगता काय रं, पाकिटात?"

रांगेतले लोक हसले. मॅनेजर आला. पाकिटाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, पुन्हा पाकिटाकडे. मग अतिशय गोड आवाजात म्हणाला, फोटो 'प्रातिनिधिक' आहे, माल वरून येतो, कुठून ते त्याला माहीत नाही. गैरसोयीबद्दल तो गिफ्ट व्हाउचर देऊ शकतो.

"त्या व्हाउचरवर माजी बाई परत मिलते काय?" मावशीने विचारलं.

आमच्या गल्लीतला किराणावाला काही संत नाही. त्याच्या डाळीत खडे निघतात, तराजूवर त्याचा अंगठा जड पडतो. पण खडा निघाला की माझी आई तो तळहातावर घेऊन त्याच्या दारात उभी राहते, आणि त्याला चार माणसांसमोर तोंड लपवायला जागा नसते. दुकानदारीतला प्रामाणिकपणा म्हणजे हेच, तोंड दाखवायची पाळी येणं. मोठ्या दुकानाने यावर तोडगा काढला आहे. नफा त्यांचा, आणि तोंड दाखवायला माझी मावशी.

पाकिटं अजून तिथेच आहेत. मावशीही बाजारात तिच्या जागेवर आहे. त्या बाई आता रस्त्याच्या पलीकडून जातात, आणि त्यांच्या सांगण्यावरून आणखीही काहीजणी.

म्हणून बाई, हे तुम्हाला आहे, आणि ज्यांच्या घरात ते पाकीट पडलं आहे त्या प्रत्येकाला. उद्या ते पाकीट त्याच दुकानात घेऊन जा. काउंटरवर फोडा, एक बोंबील मोडा, वास घ्या, आणि मोठ्याने विचारा, हा कुणी वाळवला? उत्तर मिळेपर्यंत रांगेतून हलू नका.