गच्चीवरचा कागद आन् माजी मिश्री

दीड महिना झाला. आमच्या निघोजे गावातल्या घराच्या गच्चीवर, कंपन्यांचा धूर तपासाया, हवा ओढायचं यंत्र हाय. त्या सकाळी त्याचा कागद बदलायला मनीषाच्या जागी दुसराच मानूस आला. म्या इचारलं, "मनीषा कुठंय?" तो खाली बघत म्हनला, "मॅडम गेल्या, आजी. तीन दिवस ताप होता..." तिच्यासाठी केलेला चहा मी तसाच हातात धरून उभी ऱ्हायले.

पोरगी मराठवाड्यातली, चिंचवडला खोली करून ऱ्हायची. रोज सकाळ-संध्याकाळ गाडीवर यायची. जुना कागद चिमट्यानं काढून चांदीच्या कागदात गुंडाळायची. म्हनायची, "धूळ कागदावर बसते ओ आजी, आन् न दिसनारा धूर खालच्या स्पंजात. कंपन्यांचा धूर कोनत्या वेळेला वाढतो ते यातून कळतंय." मी म्हनायची, "माज्या खोकल्याला इचार की, फुकट सांगंल." लई हसायची. मग सैपाकघरातल्या कॅलेंडरापाशी जायची. "काल कायी पेटविलंत का?" मी सांगन ते तारखेच्या चौकटीत लिवायची. धूर आमचा का कंपनीचा, ते वेगळं काढाया.

एका सकाळचा कागद तपासनीत लई वाईट निघाला. मनीषा म्हनली, "आमचे साहेब म्हनतात, घरातलाच धूर हाय. आठवा की आजी, त्या दिवशी कायी पेटविलंत का?"

पेटवलं व्हतं. यंत्राच्या शेजारीच शेगडी मांडून तव्यावर तंबाखू जाळली व्हती, मिश्रीसाठी. पन मिश्री सोडल्याची शपथ लेकाला दिलेली, आन् लेक तिथंच बसलेला. म्या म्हनलं, "न्हाई गं." तिनं लिवलं, नाही. माज्या शब्दावर जाऊन साहेबाशी भांडली. "आजी खोटं बोलनार न्हाईत म्हनले मी," हे मलाच हौसेनं सांगितलं. उद्या सांगू, उद्या सांगू करत ऱ्हायले...

मालक गेले, जमीन गेली, म्या कुनाफुडं रडले न्हाई. ह्ये मातुर गिळवत न्हाई. म्हनून ह्ये सारं नातीकडून लिवून घेतलं.

परवा लेकाच्या देखत नव्या मानसाला सांगितलं. त्यानं कॅलेंडराकडं बघितलं. मग म्हनला, "तो एक दिवस काढून टाकतो. बाकीचं खरं ना, आजी?" म्हनलं, "बाकीचं खरं."

कॅलेंडर अजून भितीलाच हाय. वाचता येत न्हाई, पन ती चौकट मला बरूबर सापडती. डब्यात उरलेली मिश्री काढली, पान्यात कालवून अंगठ्याला लावली, आन् तिनं लिवलेल्या 'नाही'च्या शेजारी अंगठा दिला.