बेचाळीस हात भिंत

जयवंताबाई कुंभारीण अमरावतीत, कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून राहायची. नवरा वारलेला. दीर पुंजाराम चाक फिरवायचा; मडकी थापणं, भाजणं, विकणं तिच्याकडे. ओली मडकी वाळवायला अंगण मोठं लागतं, म्हणून त्यांच्या अंगणाची मातीची भिंत रस्त्याच्या कडेनं लांबवर गेली होती.

त्या साली परमुलखातल्या लढाईमुळे तिकडचा कापूस अडला, आणि इथल्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. नांदगावाकडून, अचलपुराकडून गाड्यांमागून गाड्या येत. काळ्या मातीचा तो रस्ता. उन्हाळ्यात नुसता फुफाटा, पावसाळ्यात चाकं बुडतील इतका चिखल. शेवटी पंचांनी पक्का रस्ता करायचं ठरवलं. खर्च रस्त्यावरच्या घरवाल्यांचा. ज्याची जेवढी बाजू रस्त्याला, तेवढी त्याला पट्टी.

पंचांचे कारकून महादेवराव मोजायला आले. जयवंताबाईची भिंत बेचाळीस हात भरली. शेजारी खुशालराव हा कापसाचा आडत्या; त्याचं गोदाम मागे खोल गेलेलं, पण रस्त्याला फक्त फाटक, नऊ हात. म्हणजे कुंभाराला आडत्याच्या चौपटीहून जास्त पट्टी.

पुंजाराम म्हणाला, पट्टी भरायला गाढवं विकू. तिनं ऐकलं नाही. ती पंचांपुढे जाऊन उभी राहिली. खुशालरावही तिथंच बसला होता.

"रस्ता मलेबी पायजे," ती म्हणाली. "धुळीनं माही ओली मडकी खराब होतात. पण माह्या घरून दोन गाढवं निंगतात, अन् या खुशालरावाच्या फाटकात रोज चाळीस गाड्या जातात. रस्ता कोण उखडून राहिलं? भिंत का चाक?"

मग एक म्हातारे पंच म्हणाले, बाईचं खरं आहे. पण चाकं आज आहेत, उद्या नसतील, भिंत मात्र जागची हलत नाही. नियम बदलला नाही.

बाहेर महादेवरावांनी तिला सांगितलं, की काळी माती दगड गिळते, खाली घालायला भर मिळत नाही म्हणून रस्त्याच्या कामाचा मुकादम अडून बसला आहे. तिच्या घरामागे तीन पिढ्यांच्या फुटक्या मडक्यांचा ढीग होता. पट्टीच्या बदल्यात तो घ्या, असं तिनं कळवलं. पंचांनी मानलं.

आठ दिवस टोपल्या भरत होत्या. एका खापरावर नवऱ्याच्या हातची नक्षी दिसली. तिनं ते पुसलं, जरा वेळ हातात धरलं आणि टोपलीत टाकलं.

रस्ता झाला. पुढच्याच साली परमुलखातली लढाई संपली नि भाव कोसळला. खुशालराव पट्टी न भरताच गोदामाला कुलूप लावून अकोल्याला निघून गेला. त्याचा वाटा उरलेल्या घरांवर टाकायचा, पुन्हा भिंती मोजूनच, असं पंचांच्या मनात आलं. या वेळी जयवंताबाई एकटी गेली नाही. अकरा घरची माणसं बरोबर होती. महादेवरावांनी अर्ज लिहून दिला. त्यात एवढंच होतं, की गोदाम भाड्यानं द्यावं आणि त्या भाड्यातून वाटा वसूल करावा. पंचांना नाही म्हणता आलं नाही.

त्यानंतर कुठंही मोजणी निघाली, की लोक जयवंताबाईला बोलवायला येत. ती जायची. कोणाच्या दारातून काय जातं-येतं, ते आधी उभी राहून बघायची.