उपवासाला चालणारी ताकद

पोलीस भरतीत मुलींना चार किलोचा लोखंडी गोळा फेकावा लागतो. धावण्यात मी कुणाला ऐकत नव्हते, पण गोळा हातात आला की माझी सगळी मिजास उतरायची. त्याच्यापायी दोन भरत्या गेल्या होत्या आणि वयात बसणारी ही शेवटची होती. ही गेली की वर्दी कायमची गेली, मग येईल त्या बऱ्या स्थळापुढं पोह्यांची बशी घेऊन उभं राहायचं. मला ते नको होतं. आईलाही नको होतं, ही त्यातली मोठी गोष्ट.

कवठे महांकाळहून रोज पहाटेच्या एसटीनं मी सांगलीला अकॅडमीत जायचे. तिथले सर फौजेतून निवृत्त झालेले, तोंडानं फटकळ. "दंडात कायबी न्हाई, गोळा काय मंत्रानं जाणार हाय व्हय?" म्हणत त्यांनी माझ्या हातात डंबेल्स दिली. बाकीच्या मुली व्यायाम झाला की बाटलीत प्रोटीन पावडर खळखळवून प्यायच्या. मी घेऊ का, विचारलं तर सर म्हणाले, "आदी घरचं पोटभर खा. अंडी, मटकी, डाळ, दूध. त्यातनं कमी पडलं तर पावडरीचा डबा. तो जेवणावर घ्यायचा आसतो, जेवणाच्या जागी न्हाई." मी मान हलवली. शिकवणीतल्या पोरी हलवतात तशीच, आत काही न जाता.

घरी आईचं वेगळंच. "त्या पावडरीनं पोरींना दाढी येतीया. मग कोण करंल तुला?" स्थळं नकोत म्हणणारी बाईच असं बोलायची, आणि त्यातली गंमत तिला कळायची नाही. मी रात्री डबा घ्यायचं ठरवायचे आणि सकाळी रद्द करायचे. शेवटी अंडीच खात राहिले. आणि खरं सांगते, त्यानं फरक पडत होता. ब्लाउजच्या बाह्या दंडाला काचायला लागल्या. गोळा हव्या त्या रेघेच्या आसपास पडू लागला.

मग ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची, तारीख आली, साताऱ्याला, दसऱ्यानंतर लगेच. आणि आईनं आधीच देवीला बोलून ठेवलेलं होतं की पोरगी भरती होऊ दे, ती याच नवरात्रात नऊ दिवस उपवास धरेल. नवस तिचा आणि पोट माझं. आमच्याकडं यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सर भडकले. "ग्राउंड तोंडावर आलंय आन उपास? डोकं फिरलंय का तुझं?" पण देवीला दिलेला शब्द मोडायला लावून आईच्या तोंडाकडं बघायची माझ्यात ताकद नव्हती.

तेव्हा मला डबा आठवला. घेऊन आले. आईनं तो उलटासुलटा करून पाहिला, वर दुधाच्या पेल्याचं चित्र होतं. "दुधाचंच हाय व्हय? मग चालतंय की उपासाला."

झालं. इतके महिने अडलेला निर्णय असा चुटकीसरशी सुटला. आम्ही दोघी खूश होतो. नऊ दिवस भगर, रताळी, साबुदाणा आणि ती पावडर. आईच ती दुधात कालवायची. पेला आधी घटापुढं ठेवायची, त्याभोवती पाणी फिरवायची, मग मला द्यायची. भाकरी, डाळ, अंडी सगळं बंद. मला वाटायचं, ताकद तर डब्यातून मिळतेच आहे. रोज सरावाला पाय थोडे जास्त जड होत होते, ते मी उपवासावर ढकलत होते, जसा काही उपवास दुसरंच कुणी करत होतं.

साताऱ्याच्या मैदानावर तीनदा गोळा फेकला. तिसऱ्यांदा तो हातातून सुटतानाच कळलं. तो कुठं पडला ते पाहायला मी वर मानही केली नाही.

आई फाटकाबाहेर फुटपाथवर बसली होती. माझ्या चेहऱ्यावरूनच तिला समजलं. परतीच्या गाडीत मी मनात सरांचं बोलणं घोळवत होते. कदाचित जेवले असते तरी गोळा गेला नसता, हेही मनात येत होतं. कशानंच बरं वाटत नव्हतं.

कऱ्हाड आलं तेव्हा आई हळूच म्हणाली, "माझंच चुकलं बघ. त्या पावडरीनं उपास मोडला. देवीला न्हाई आवडलं. पुढल्या साली निस्त्या पाण्यावर धरू."

पुढल्या साली मी वयात बसत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. मी व्हय म्हणाले.