विष्णूकाकांचं तळघर

जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनच्या आमच्या गल्लीत राहणारे विष्णूकाका देवस्थळी म्हणजे थकून गेलेला पण ऐकायला तयार नसलेला माणूस. आयुष्य गाड्यांच्या कारखान्यात गेलं, आता निवृत्त. पुण्याहून आलेल्या कुणाला घर मिळेना, की काका त्याला आपलं तळघर द्यायचे. भाडं नावापुरतं.

बाउआम्टने, म्हणजे इथल्या बांधकाम खात्याने, त्या तळघरावर बंदी घातली. आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट नाही, तिथे कुणाला ठेवायचं नाही. काकांनी ठेवलं. दंड भरला, आणि हिवाळ्यात पुण्याहून नव्याने आलेल्या ऋचालाही तिथेच ठेवलं. कुणी विचारलं तर ती भाची, असं ठरलं.

"काका, आता दंड वाढेल हं," मी म्हटलं.

"हो, हो, माहितीये. पण पोरीने थंडीत जायचं कुठे?"

पाडव्याला ऋचाने हौसेने तळघराच्या दाराशी आपली वेगळी गुढी उभारली. एका घराची एक गुढी, हे काकांनीच शेजारच्या जर्मन आजींना दरवर्षी कौतुकाने सांगितलेलं. यंदा आजींना दोन दिसल्या. आगीच्या काळजीने त्यांनी बाउआम्टला कळवलं.

अधिकारी बाई आल्या. भाचीचं नाटक दारातच संपलं. दंड दुप्पट, आणि तळघराला सील. जाता जाता बाईंना वरची खोली दिसली. मोठ्या खिडक्या, नीट घातलेला पलंग.

"बंदी फक्त तळघराला आहे. तिला इथे का नाही ठेवलंत?"

 ऊर्मिलाकाकू म्हणाल्या, "ही आमच्या समर्थची आहे."

समर्थ त्यांचा मुलगा, नोकरीला नेकारसुल्मला. तासाभराची वाट, पण वर्षानुवर्षं मुक्कामाला आलेला नाही. काकू तरीही चादरी बदलत राहतात. मला आधी चीड आली, मग फार वाईट वाटलं. न येणाऱ्या पोरासाठी यांनी किती जणांना जमिनीखाली झोपवलं!

संध्याकाळी सामान हलवायला मी गेले, तर काका जिन्यातच बसलेले.

"अहो, समर्थला विचारा तरी आधी," काकू म्हणाल्या.

काकांनी फोन स्पीकरवर लावला. "समर्थ, तुझी खोली ऋचाला देतोय. चालेल ना?"

समर्थ नेहमीसारखा जर्मनमध्येच बोलला. "अजून माझी म्हणून ठेवली होती? मला वाटलं, केव्हाच भाड्याने दिली असेल."

काकूंनी तोंडाला पदर लावला. काकांनी फोन बंद केला, ऋचाची बॅग उचलली आणि कठड्याला धरून जिना चढायला लागले.