आग्नेलच्या खुर्चीत बसून पाहिलं

मंडळी, आजचीच गोष्ट. कट्टा बाजारातल्या आमच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या आहेत, एक आग्नेलची आणि एक माझी. आम्ही काम एकत्रच शिकलो, पण गिऱ्हाईक त्याच्याकडेच जातं.

सकाळी आग्नेलच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं आणि एक काका नुसते पेपर वाचत बसले होते. मी माझी खुर्ची झटकून म्हटलं, "या काका, बसा."

"ऱ्हवांदे रे बाबू. आग्नेलाचा होवंदे, माका घाई नाय."

माझा जळफळाट झाला. कल्ले सारखे झालेत का, हे मी फणी लावून तपासतो. आग्नेल नुसता डोळ्यांनी बघतो.

दुपारी दुकान रिकामं होतं, तेव्हा मीच त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो.

"दमलंस काय रे?" एवढंच विचारून त्याने पंखा माझ्याकडे वळवला आणि माझे केस कापायला घेतले. माझी मान वळवताना तो मी सैल होईपर्यंत थांबायचा. मी तर गिऱ्हाइकाची हनुवटी धरून सरळ फिरवतो. मला चक्क डुलकी लागली.

उठून आरशात पाहिलं, तर डावा कल्ला किंचित लांब राहिला होता. तरी मी तो तसाच राहू दिला, इतकं बरं वाटत होतं.

जळफळाट अजून गेलेला नाही. कात्री चालवणं मला शिकवल्यावर आलं. त्याचं हे थांबणं तुमच्यापैकी कुणी मोठेपणी शिकलंय का? कसं?