दाजीच्या फाशावर सहा होते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी बाजारात चोरून खाल्लेली भजीसुद्धा घरी येऊन सांगून टाकतो.

दाजी माझा शाळेपासूनचा दोस्त. वालावलात त्याची काजूची बाग, आणि डोक्यात कायम नेपोलियन! त्याच्या पडवीत टेबलावर आम्ही दोघे वॉटर्लूची लढाई खेळतो. बोटाएवढे सैनिक, काथ्याची कुंपणं, पट्टीने मोजून चाल आणि फाशावर निकाल. हसा खुशाल! साठी उलटलेले दोन बाप्ये, पण एकेका शिपायाचा डगला आम्ही हाताने रंगवलाय. इंग्रज माझे, फ्रेंच त्याचे. त्याची हौस एकच — इतिहासात हरलेल्या नेपोलियनला तिथे एकदा तरी जिंकवायचं. सात वर्षं काही जमलं नव्हतं.

मग गेल्या मे महिन्यात पठ्ठ्याने काय करावं? थेट रवळनाथाला कौल लावला! आमच्याकडे लग्न, घर, विहीर, सगळं देवाला विचारून. गुरव मूर्तीला पाकळ्या लावतो, उजवी पडली की देवाचा होकार. पण वॉटर्लू? कुणी विचारतं का देवाला? तरी उजवी पडली. दाजी नाचतच आला — "देवान उजवो कौल दिल्यान रे! आज तुझो इंग्रज गेलो!"

आणि खरंच जात होता हो. संध्याकाळपर्यंत माझी निम्मी फौज आडवी. दाजीचा शेवटचा हल्ला — सहा पडले तर माझी फळी फुटणार, नाहीतर त्याची माणसं पळणार. त्याने फासा असा काही भिरकावला की तो थेट बाकाखाली. पडेल तिथे मोजायचा, हा आमचा नियम. दाजीचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून वाकायचं ते मीच.

आता — कसं सांगू? मी वाकलो. सहा होते. चक्क सहा. मी फासा मुठीत घेतला, उठलो आणि म्हणालो, "दोन."

का? हरायचं नव्हतं. बस, एवढंच! लाज वाटते सांगताना. दाजीने फासा बघायलाही मागितला नाही. हसला, पाठीत थाप मारली आणि वर चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन मला देवळात घेऊन गेला. देव खोटा ठरणार कसा? म्हणून त्याने चूक स्वतःवर घेतली होती. "माझाच चुकला रे. असलो खेळ देवाक इचारूक नको होतो." देव खरं बोलला होता, हे त्या देवळात मला एकट्यालाच माहीत. गुरवाने गाऱ्हाणं घातलं — बा देवा म्हाराजा, ह्या लेकराची चूक पोटात घाल.

"व्हय म्हाराजा" म्हणायला मागे मीच उभा होतो. म्हणालो. चांगलं खणखणीत म्हणालो.